थकलेल्या शरीराची शिकवणी

कराटे म्हटलं की डोळ्यांपुढे तरुण शरीर येतं. उंच गेलेली लाथ, एका घावात फुटणारी कौलं, वळलेल्या मुठीवर ताणलेल्या शिरा. १९७३ सालच्या ‘एन्टर द ड्रॅगन’नंतर आपल्याकडेही हेच चित्र घरोघरी पोचलं. त्या सिनेमातली विद्या कराटे नव्हती, पण गर्दी झाली ती कराटेच्या क्लासना. अशा चित्रात पंचाहत्तरी-ऐंशीच्या शिक्षकाला जागा कुठली? त्याची लाथ आता कमरेच्या वर जात नाही, खाली बसून उठताना भिंतीला हात लावावा लागतो, आणि तरीही त्याच्यापुढे चाळिशी-पन्नाशीतले ब्लॅक बेल्ट अदबीने उभे असतात. या अदबीचं कारण विचारलं की शिस्त, संस्कार, परंपरा अशी ठरलेली उत्तरं मिळतात. ती खोटी नाहीत, पण ती कुठल्याही वडीलधाऱ्या माणसाला लागू पडतील. कराटेच्याच शिक्षकाकडून, आणि तो म्हातारा झाल्यावरच, जे शिकायला मिळतं ते या उत्तरांत येत नाही. माझं म्हणणं असं आहे की कराटे शिकवण्याचं खरं काम शिक्षकाची ताकद ओसरायला लागल्यावर सुरू होतं. जोवर तो करून दाखवू शकतो तोवर सगळे शिष्य त्याच्याकडे बघत असतात. दाखवणं सरलं की तो शिष्यांकडे बघू लागतो. जपानच्या ओकिनावा बेटावरच्या जुन्या शिक्षकांनी या विद्येची जी घडण केली, तिच्यात या बघण्याला मध्यवर्ती जागा होती, आणि आज आपण नेमकी तीच जागा रिकामी करत चाललो आहोत.

याचा सर्वांत भरवशाचा पुरावा गिचिन फुनाकोशी यांच्या आठवणींत आहे. फुनाकोशी १८६८ साली ओकिनावातल्या शुरीमध्ये जन्मले. लहानपणी ते अशक्त होते, सारखे आजारी पडत. शाळासोबत्याच्या वडिलांकडे, आंको आझातो यांच्याकडे, ते कराटे शिकू लागले. आझातोंचे मित्र आंको इतोसू हे त्यांचे दुसरे गुरू. पुढे १९२२ साली, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, हेच फुनाकोशी प्रात्यक्षिकासाठी टोकियोला गेले, तिथेच राहिले आणि त्यांच्यामुळे कराटे आधी जपानच्या विद्यापीठांत आणि मग जगभर गेलं. ओकिनावात असताना पोटाला ते शाळामास्तर होते. आपलं आत्मकथन त्यांनी १९५६ साली, मृत्यूच्या आदल्या वर्षी प्रसिद्ध केलं. स्वतः म्हाताऱ्या झालेल्या शिक्षकाने आपल्या म्हाताऱ्या शिक्षकांविषयी लिहिलेलं ते पुस्तक आहे, आणि म्हणूनच मला त्याची साक्ष मोलाची वाटते. त्यात आझातोंच्या परसातल्या रात्रींचं वर्णन आहे. कराटे तेव्हा उघडपणे शिकवलं जात नसे, म्हणून शिकवणी रात्रीची. शिष्य परसात एकच काता पुन्हापुन्हा करतोय, आठवडेच्या आठवडे, कधी महिनेच्या महिने. वयाने बरेच पुढे गेलेले गुरू हाकामा नेसून ओसरीवर ताठ बसलेले, शेजारी मंद दिवा. काता संपला की शिष्य निकालाची वाट बघत उभा राहायचा आणि बहुतेक वेळा एवढंच ऐकू यायचं की पुन्हा कर, किंवा अजून थोडं. खुलासा नाही, प्रात्यक्षिक नाही. समाधान झाल्यावर कौतुकाचा एखादा शब्द, आणि मग पुढच्या काताकडे जाण्याची परवानगी. हे थकवणारं, चिडवणारं आणि कधीकधी अपमानास्पदही होतं, असं फुनाकोशींनी लपवाछपवी न करता लिहिलं आहे. पण त्याच आझातोंचं दुसरं रूपही त्यांनी नोंदवलं आहे. सराव आटोपल्यावर, रात्र सरत आलेली असताना, ते शिष्याला जवळ बसवत, विद्येच्या मुळाशी काय आहे ते सांगत आणि शाळेतली नोकरी कशी चालली आहे याची वडिलांसारखी चौकशी करत.

त्या ओसरीवरून आझातोंना काय दिसत असेल, हा प्रश्न कराटे न केलेल्या माणसाला पडणं साहजिक आहे. काता म्हणजे ठरावीक क्रमाने केलेल्या हालचाली. तो पाठ झाला की झाला, महिनोन्महिने बघण्यासारखं त्यात काय? नाइहांची नावाच्या काताचं उदाहरण घेऊ. फुनाकोशींच्या शैलीत त्याला तेक्की म्हणतात. पाय फाकवून, घोड्यावर बसल्यासारखं उभं राहायचं आणि एका सरळ रेषेत आडवं सरकायचं. उडी नाही, गिरकी नाही, उंच लाथ नाही. क्रम शिकायला हुशार मुलाला एक संध्याकाळ पुरते. त्यानंतर जे सुरू होतं ते मात्र संपत नाही. बाजूला पाय टाकताना शरीर नकळत वर उचललं जातं. गुडघे हळूहळू आत झुकतात. हात जोरात जावा म्हणून खांदा कानाकडे चढतो. नजर वळायच्या आधीच मूठ निघून गेलेली असते. श्वास छातीत अडकतो. कमरेतून यायला हवा तो जोर दंडातून येतो. यांतली एकही चूक करणाऱ्याला स्वतःला कळत नाही, कारण आतून त्याला सगळं बरोबरच वाटत असतं. उलट, दंडातून काढलेला जोर अधिक ‘लागल्यासारखा’ वाटतो. आरशात बघायला मान वळवली की नजरेची चूक होते. व्हिडिओ काढला तरी त्यात काय बघायचं हे माहीत असलेला कुणी शेजारी असावाच लागतो. ही चूक शिष्याच्या आधी बाहेरच्या माणसाला दिसते, आणि ती दिसायला त्या माणसाने हाच काता हजारो वेळा करून, हजारो वेळा चुकलेला बघून, स्वतःच्या शरीरात तिची खूण बाळगलेली असावी लागते. तरुण शिक्षकाला हे दिसत नाही असं मी म्हणत नाही. पण तरुण शिक्षकाजवळ एक सोपी पळवाट असते: तो म्हणतो, असं नाही, हे बघ असं. तो झकास करून दाखवतो आणि शिष्य त्याच्या वेगाची नक्कल करू लागतो. चूक तिथेच राहते, तिच्यावर वेगाचं पांघरूण मात्र पडतं. म्हाताऱ्या शिक्षकापाशी ही पळवाट नसते. चूक सुटेपर्यंत बघत राहणं एवढंच त्याच्या हाती असतं.

कुस्तीतल्या वस्तादाशी ओळख असलेल्या मराठी वाचकाला हे पटकन उमगेल. कोल्हापूरच्या तालमीत हौद्याच्या कडेला बसलेला वस्ताद काही स्वतः लढत नसतो, पण पकडीत किती बोटं मोकळी राहिली हे त्याला लांबून कळतं. फरक एवढाच की कुस्तीत शेवटी समोरचा पैलवान चुकीची जाणीव करून देतो. कातामध्ये समोर कुणीच नसतं. म्हणून तिथे बघणाऱ्यावरचा भार कितीतरी मोठा. गोजू-र्यू शैलीत तर या बघण्याला स्पर्शाची जोड आहे. सांचिन हा तिथला पायाचा काता. सावकाश, श्वासावर केलेला. कानर्यो हिगाओन्ना (१८५३–१९१५) हे आपल्या शिष्यांकडून वर्षानुवर्षं तोच करून घेत, आणि त्यांचे शिष्य चोजुन मियागी यांनी ती रीत पुढे चालवली. शिष्य सांचिन करत असताना शिक्षक त्याच्याभोवती फिरतो, खांद्यावर, पाठीवर, मांडीवर तळवा ठेवतो, थाप मारून बघतो. कुठला स्नायू जागा आहे, कुठला झोपलाय, पाय जमिनीला धरून आहेत की नुसते ठेवलेत, हे तळव्याला समजतं. या कामाला ताकद जवळजवळ लागत नाही. लागतो तो पन्नास वर्षांचा सराव. शरीराचा झटका आणि चपळाई वयाबरोबर सर्वांत आधी जाते, हे कुठलाही व्यायामतज्ज्ञ सांगेल. हाताच्या तळव्यातली ही पारख मात्र नंतरही बरीच वर्षं टिकते, आणि शिकवण्याला उपयोगी पडते ती तीच.

यावर पहिला आक्षेप सरळ व्यवहारातला आहे. एका कातासाठी तीन वर्षं ही जुन्या काळची चैन होती, आज कुणाला इतका वेळ आहे? शिवाय त्या पद्धतीत शिक्षकाने कारण सांगायचंच नाही हा कुठला न्याय? आजच्या प्रशिक्षणशास्त्राप्रमाणे चूक नेमकी दाखवली, तिचं कारण सांगितलं, तर शिष्य लवकर शिकतो. आक्षेपाचा दुसरा भाग मला मान्य आहे. कारण न सांगता नुसतं ‘पुन्हा कर’ म्हणणं ही आझातोंच्या पद्धतीतली अनुकरणीय गोष्ट नाही. आझातोंना एकच शिष्य होता आणि सराव संपल्यावर त्याच्याशी तासन्तास बोलायला सवड होती, म्हणून ते चालून गेलं. ते बोलणं वगळून नुसतं मौन उचललं तर हाती अहंकार उरतो. पण पहिल्या भागाशी मी सहमत नाही. थोडक्या गोष्टींत खोल जाण्याचा फायदा काय, याचं उत्तर फुनाकोशींच्या टीकाकाराकडूनच मिळतं. चोकी मोतोबू (१८७०–१९४४) हे ओकिनावाचे नावाजलेले लढवय्ये. नुसत्या कातांवर भर देणाऱ्या फुनाकोशींविषयी त्यांचं मत काही चांगलं नव्हतं. पन्नाशीत असताना क्योतोमध्ये त्यांनी एका परदेशी मुष्टियोद्ध्याला लोळवलं. १९२५ साली ‘किंगु’ मासिकाने ती हकिगत छापली आणि चित्रात मोतोबूंऐवजी फुनाकोशींचा चेहरा काढला, त्यामुळे दोघांतलं वैर आणखी वाढलं. तर कातावर टीका करणारे हे मोतोबू स्वतः कुठल्या पायावर उभे होते? त्याच आडव्या, साध्या नाइहांचीवर. त्यांच्या सगळ्या लढण्याचं मूळ तो एक काता होता आणि ते हे उघड सांगत. दोन शत्रूंची साक्ष एकाच गोष्टीकडे बोट दाखवते, तेव्हा तिला वजन येतं. आज दोन-तीन वर्षांत वीस-पंचवीस काता ‘पूर्ण’ करणाऱ्या मुलाचा वेळ वाचतो असं मला वाटत नाही. त्याची वर्षं जातात आणि गुडघे आतच झुकलेले राहतात.

दुसरा आक्षेप असा की म्हातारे शिक्षक विद्येला गोठवून टाकतात. आमच्या गुरूंनी असं केलं, म्हणून आम्हीही असंच करणार. नवं काही सुचत नाही, सुचलं तर रुचत नाही. ही भीती काही शिक्षकांच्या बाबतीत खरी ठरते. कराटेचा इतिहास मात्र तिच्या नेमका उलट आहे, आणि हे कराटे करणाऱ्यांनाही फारसं ठाऊक नसतं. या विद्येतला सर्वांत मोठा बदल ज्यांनी केला ते इतोसू १८३१ साली जन्मले होते. १९०१ साली, म्हणजे सत्तराव्या वर्षी, त्यांनी शुरीच्या प्राथमिक शाळेत कराटे नेलं. तोवर रात्री, बंद परसात, एकेकट्या शिष्याला दिली जाणारी विद्या शाळेच्या पटांगणात आली. लहान मुलांना जुने लांब काता झेपणार नाहीत म्हणून त्यांनी पिनान नावाचे पाच छोटे काता बांधले. आज जगभरच्या लाखो मुलांची सुरुवात त्यांपासून, किंवा त्यांच्या हेइआन या बदललेल्या रूपापासून होते. १९०८ साली, सत्त्याहत्तराव्या वर्षी, त्यांनी सरकारी खात्यांना उद्देशून दहा कलमांचं पत्र लिहिलं. कराटे शाळांत का शिकवावं, रोज किती वेळ सराव करावा, माकिवारावर, म्हणजे ठोशांच्या सरावाच्या खांबावर, प्रत्येक हाताने शंभर-दोनशे ठोसे मारावेत, असा त्यात अगदी बारकाईचा हिशेब आहे. जुने कराटेकार दीर्घायुषी होते, कारण या सरावाने हाडं-स्नायू भरतात, पचन आणि रक्ताभिसरण सुधारतं, असंही ते लिहितात. त्या पत्रात सैन्याला उपयोगी पडण्याचा मुद्दाही आहे. तो काळाचा दाब होता, आणि पुढे जपानी विद्यापीठांच्या क्लबांत जी लष्करी कवायतीची हवा शिरली तिचं बी तिथे शोधणाऱ्यांना मी चुकीचं म्हणणार नाही. तरीही मूळ गोष्ट उरतेच: जिवाचा धोका असलेलं तंत्र बाजूला काढून, मुलांना पेलेल असं काय ठेवायचं आणि काय गाळायचं, हा निर्णय साठ वर्षं सराव केलेला माणूसच घेऊ शकत होता. काय गाळलं तरी चालेल हे ठरवायला सगळं आतून माहीत असावं लागतं. तरुणाला प्रत्येक गोष्ट सारखीच महत्त्वाची वाटते.

म्हाताऱ्या शिक्षकाकडून मिळणारी आणखी एक गोष्ट आहे आणि ती बोलून शिकवता येत नाही. ती म्हणजे हात आवरणं. कराटेत पहिला वार आपला नसतो, हे वाक्य प्रत्येक क्लासच्या भिंतीवर असतं. पण विशीतल्या माणसाने ते म्हणणं आणि ऐंशीतल्याने म्हणणं यांत फार अंतर आहे. फुनाकोशींनी तरुणपणची एक हकिगत सांगितली आहे. पितरांच्या नैवेद्यासाठी नेत असलेली मिठाई दोन दांडग्यांनी वाटेत मागितली आणि त्यांनी ती मुकाट देऊन टाकली. गुरूंना हे कळलं तेव्हा त्यांनी शाबासकी दिली. आता देव्हाऱ्यात काय ठेवणार, असं आझातोंनी विचारलं आणि मनापासून प्रार्थना करीन या उत्तराने ते प्रसन्न झाले. ही गोष्ट सगळे सांगतात. मला तिच्यापेक्षा दुसरी महत्त्वाची वाटते, जी कमी सांगितली जाते. महायुद्धानंतरच्या उपासमारीच्या दिवसांत, ऐंशीच्या घरात असलेल्या फुनाकोशींना रात्री रस्त्यात एका तरुणाने अडवलं आणि छत्रीने त्यांच्यावर वार केला. त्यांनी तो चुकवून त्याला असं जखडलं की त्याला हलता येईना, आणि गस्तीवरचा पोलीस आल्यावर त्याच्या ताब्यात दिलं. कुणीही या प्रसंगाची फुशारकी मारली असती. फुनाकोशी मात्र लिहितात की त्यांना लाज वाटली. तो बहुधा युद्धावरून परतलेला, हलाखीतला माणूस होता, आणि आपण जे केलं ते आपल्याच शिकवणीला शोभलं नाही. तेव्हा त्यांच्या गाठीला काय उरलं होतं ते लक्षात घ्यायला हवं. १९४५ साली त्यांचा दोजो, म्हणजे सरावाची जागा, बॉम्बहल्ल्यात जळाला, त्याच वर्षी मुलगा योशिताका क्षयाने गेला, १९४७ साली पत्नी वारली. इतकं सगळं गमावलेला माणूस, स्वतःवर हल्ला करणाऱ्याविषयी असं लिहितो. तरुण वयातला संयम हा पुष्कळदा ताकदीच्या खात्रीवर उभा असतो: मारू शकतो, पण मारत नाही. शरीर थकल्यावरही तो टिकला, तर तो खराच मुरलेला आहे असं म्हणता येतं. ही परीक्षा फक्त म्हातारपण घेऊ शकतं आणि तिचा निकाल शिष्यांना फक्त म्हाताऱ्या शिक्षकाकडे बघूनच कळतो.

इथे तिसरा आणि सर्वांत जड आक्षेप पुढे येतो. गुरू इतका मोठा ठरवला की त्याला प्रश्न कोण विचारणार? आणि त्याची शिकवण इतकी खोल होती तर त्याचे शिष्य भांडले का? हे टाळण्यासारखं नाही. फुनाकोशींना मोकळ्या लढतीची नावड होती. टोकियोच्या शाही विद्यापीठातले विद्यार्थी संरक्षक साहित्य चढवून लढतीचे प्रयोग करू लागले, तेव्हा त्यांनी तिथलं शिकवणं सोडलं. माझ्या मते यात विद्यार्थ्यांची बाजू बळकट होती. समोर खरा माणूस असल्याशिवाय अंतर आणि वेळ यांचा अंदाज येत नाही, आणि साहित्य चढवून सराव करणं हा जबाबदार मार्ग होता. २६ एप्रिल १९५७ रोजी फुनाकोशी गेले आणि अंत्यविधी कुणी करायचा यावरून शिष्यांचे दोन तट पडले. एक तट अंत्यसंस्काराला आलाच नाही. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरमध्ये जपान कराटे असोसिएशनने, जिचे ते मानद मुख्य प्रशिक्षक होते, पहिली अखिल जपान स्पर्धा भरवली. संयम आणि नम्रता शिकवणाऱ्याच्या अंगणात हे घडलं. याचा अर्थ शिकवण पोकळ होती असा मी काढत नाही. मला त्यातून शिकवणीची मर्यादा दिसते. एका माणसाची नजर दुसऱ्या माणसाच्या शरीरावर काम करते. ती संघटनेवर काम करत नाही. आझातोंना एक शिष्य होता, फुनाकोशींना अखेरीस हजारो. हजारोंच्या गुडघ्यांकडे कुणी बघू शकत नाही. तिथे मग गुरूचा फोटो, नाव आणि शिक्का उरतो आणि भांडणं नेहमी शिक्क्यावरून होतात. म्हणून ज्याच्या वर्गात प्रश्न विचारायला मोकळीक नाही, मारहाण चालते, मुलींना असुरक्षित वाटतं किंवा पैशाचा हिशेब दिला जात नाही, असा शिक्षक कितीही म्हातारा असो, त्याच्यापासून दूर जावं. वयाने अधिकार मिळत नाही. वय ही फक्त एक संधी असते, आणि ती वाया घालवणारेही पुष्कळ असतात.

स्पर्धेच्या काळात हे सगळं कालबाह्य आहे, हा समज मात्र पुराव्यावर टिकत नाही. टोकियो ऑलिंपिकमध्ये, ऑगस्ट २०२१ मध्ये, निप्पोन बुदोकानला कराटेचे सामने झाले. पुरुषांच्या काता प्रकारात र्यो कियुनाने सुवर्णपदक मिळवलं. तो ओकिनावाचा. त्या बेटाला मिळालेलं वैयक्तिक प्रकारातलं ते पहिलं ऑलिंपिक सुवर्ण. त्याचे गुरू त्सुगुओ साकुमोतो तेव्हा सत्तरी ओलांडलेले होते. स्वतः १९८४, १९८६ आणि १९८८ साली काताचे जगज्जेते ठरलेले. कियुना शाळकरी असल्यापासून त्यांच्याकडे होता आणि अंतिम फेरीत त्याने सादर केलेला ओहान दाई हा त्यांच्याच र्युएइ-र्यू शैलीतला काता. महिलांमध्ये सुवर्ण मिळवणारी स्पेनची सान्द्रा सांचेस तेव्हा एकोणचाळीस वर्षांची होती. त्याच स्पर्धेत पुरुषांच्या जड वजनगटाच्या अंतिम सामन्यात सौदी अरेबियाच्या तारेग हामेदीने इराणच्या सज्जाद गंजजादेहला लाथेने बेशुद्ध पाडलं. गुणांत तो पुढे होता, तरीही फटका अनियंत्रित म्हणून तो बाद ठरला आणि स्ट्रेचरवरून नेलेला गंजजादेह विजेता झाला. जगभर त्यावर टीका झाली. निकाल कठोर होता का, यावर मतभेद होऊ शकतो. पण हात आवरता आला पाहिजे ही अट आधुनिक नियमपुस्तकातही टिकून आहे, ती परंपरेच्या प्रेमाखातर टिकलेली नाही. ती काढली तर उरतं ते कराटे राहत नाही, हे नियम करणाऱ्यांनाही मान्य आहे.

आता आपल्याकडे बघू. महाराष्ट्रात कराटे शाळांच्या पटांगणांवर, सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये, मंगल कार्यालयांच्या हॉलमध्ये रुजलं आहे. बेल्टची पद्धत फुनाकोशींनी १९२४ साली ज्यूदोकडून घेतली. आझातो आणि इतोसू यांच्या परसात कुणाच्याही कमरेला रंग नव्हता. आपल्याकडे अनेक ठिकाणी हा रंगच अभ्यासक्रम होऊन बसला आहे. तीन-चार महिन्यांनी परीक्षा, परीक्षेची फी, प्रमाणपत्र, फोटो. मुलाला पट्टा वेळेत मिळाला नाही तर पालक क्लास बदलतात, आणि क्लास टिकवायचा म्हणून शिक्षक पट्टा देतो. यात एकट्या शिक्षकाला दोषी धरणं अन्यायाचं होईल, कारण हॉलचं भाडं आझातोंना द्यावं लागत नव्हतं. फुनाकोशींनासुद्धा टोकियोत सुरुवातीच्या वर्षांत ओकिनावाच्या विद्यार्थ्यांच्या वसतिगृहात झाडलोट आणि राखण करून दिवस काढावे लागले, आणि जेवणाच्या पैशात सूट मिळावी म्हणून ते तिथल्या आचाऱ्याला कराटे शिकवत. पैशाची अडचण या विद्येला नवी नाही. नवी आहे ती घाई. आणि या घाईत ज्याचा बळी जातो तो नेमका म्हातारा शिक्षक. सत्तरच्या दशकात पहिल्या लाटेत ज्यांनी आपल्याकडे कराटे धरलं, ते आज सत्तरीच्या आसपास आहेत. म्हणजे ओकिनावाच्या हिशेबाने त्यांची शिकवण्याची खरी वर्षं आता सुरू झाली आहेत. आपण मात्र त्यांना बक्षीस समारंभाला बोलावतो, शाल-श्रीफळ देतो, व्यासपीठावर बसवतो आणि वर्ग पंचविशीतल्या चपळ मुलावर सोपवतो.

पालकांना माझं सांगणं आहे की क्लास निवडताना शिक्षकाची लाथ किती उंच जाते आणि भिंतीवर किती पदकं टांगली आहेत ते बघू नका. एक तास कोपऱ्यात बसा. शिक्षक मुलांकडे बघतो आहे की मुलंच त्याच्याकडे बघत आहेत, ते पाहा. एखाद्या मुलाला अर्ध्यावर थांबवून, त्याचा गुडघा सरळ करून, कारण सांगून, तेच पुन्हा करायला लावतो का, ते पाहा. इथला सर्वांत जुना शिष्य किती वर्षांचा आहे आणि तो अजून येतो का, हे विचारा. आणि क्लास चालवणाऱ्या तरुण शिक्षकांना विनंती आहे की तुमचे सर अजून हयात असतील तर त्यांना आठवड्यातून एक दिवस वर्गात आणा. त्यांना काही करून दाखवायला सांगू नका. मुलांकडून एकच काता करून घ्या, सरांना बघू द्या, आणि ते ज्याला थांबवतील त्याला थांबू द्या.